वहिनींचे टोमॅटो आणि शंभर टक्के भरवसा

सोमवार, ४ मार्च
दादाकडे सुट्टीला आलो. वहिनींनी घरामागच्या तुकड्यात टोमॅटो लावलेत. हॉस्पिटलच्या कँटीनची वर्षाची ऑर्डर मिळू शकते, पण मॅनेजर म्हणे छोट्या शेतीचा भरवसा काय? शनिवारी माल बघून ठरवणार. वहिनींना घोर लागलाय. मी म्हटलं, स्टॅटिस्टिक्स शिकलोय ते कशासाठी? भरवसा आकड्यांत सिद्ध करून देतो. दादा उठून आत गेला.

निश्चय: उद्या उजाडताच शेतात.

मंगळवार, ५ मार्च, सकाळी साडेदहा
उठलो. पहाटे दव असतं, वजनं चुकतात. उशिराच बरं.
कॉम्प्युटरने रँडम झाडं निवडली, त्यांचे टोमॅटो तोडले, कापले, तपासले. निकाल उत्तम, पण खात्री नव्वद टक्केच. वहिनी म्हणाल्या, निदान लाल बघून तरी तोडा. त्यांना समजावलं, रंग बघितला तर ते रँडम कसलं?

बुधवार, ६ मार्च
खात्री वाढवायची तर सॅम्पल वाढवावं लागतं. वाढवलं. पंच्याण्णव! दादा म्हणाला, आता पुरे कर. दादाला गणित कधीच जमलं नाही.

गुरुवार, ७ मार्च
नव्व्याण्णव. कंबर गेली. सकाळी टोमॅटो, दुपारी टोमॅटो, रात्री टोमॅटो. पुतणी ताट बघून रडायला लागली. लाडावून ठेवलीय.

शुक्रवार, ८ मार्च
शंभर टक्के! शेतातला एकूण एक टोमॅटो तपासला, आता अंदाजाला जागाच नाही. रिपोर्ट रंगीत छापला. वहिनी मागे जाऊन आल्या आणि डोक्याला हात लावून पायरीवर बसल्या. भारावल्या असाव्यात.

शनिवार, ९ मार्च
मॅनेजर आले. रिपोर्ट चाळला, छान आहे म्हणाले. मग टोमॅटो कुठायत विचारलं. मी म्हटलं, पान सात बघा, फोटो आहेत.
वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी माझी मेथड चुकली नव्हती, हे नोंदवून ठेवतो.

रविवार, १० मार्च
वहिनींनी मॅनेजरांना फोन करून गयावया केली. झाडांना फुलं आहेत, दीड महिन्यात पुन्हा माल येईल. ते थांबायला तयार झाले. अट एकच: तोवर मी या घरात पाऊल ठेवायचं नाही.
वहिनींनी स्वतः जाऊन माझं बसचं तिकीट काढलं. खिडकीची सीट आहे. कामाची कदर आहे म्हणायची.