एक जूनची गर्दी

मु. भरे, ता. मुळशी, जि. पुणे
३ जून

तीर्थस्वरूप तुळजाआक्कास,

धाकट्या जयसिंगाचा दंडवत. परंड्याकडचं ऊन उतरलं का आणि तुझ्या गुडघ्याला मी पाठवलेलं तेल लागू पडलं का, ते आधी कळव. (लागू पडलं नसेल तर तू ते शेजारणीला देऊन टाकलंस हेही कळव, म्हणजे पुढची बाटली मी थेट तिलाच पाठवीन.) इकडे शैलेश, सूनबाई अनुष्का आणि नात किमया खुशाल आहेत. तिघंही सकाळी घराबाहेर पडतात ते दिवे लागल्यावर परततात, त्यामुळे खुशाल असणारच. माझं रक्तदाबाचं यंत्र मागच्या सोमवारपर्यंत बरे आकडे दाखवत होतं. तू फोनवर म्हणालीस की मी नुसतं 'ठीक आहे' म्हणून फोन ठेवतो. तर आता पत्रच वाच, आणि बसून वाच.

आमच्या सोसायटीच्या फाटकाशी एक फळा आहे, हे तुला सांगितलं होतं. चाळीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला बाराव्या मजल्यावर नेऊन ठेवलं की त्याचा हात शिवशिवतो, म्हणून मी तो हट्टाने मागून घेतला. काळा, खडूचा. (सेक्रेटरी हेमलताबाई पांढरा फळा आणणार होत्या. मी म्हटलं, मग लिहायलाही तुम्हीच या.) आमच्या ज्येष्ठ मंडळातल्या बहुतेकांचे आईवडील एकोणीसशे वीस ते तीसमधले, म्हणून मी दर महिन्याला त्या दशकातला तोच महिना घेतो. त्यात जगात काय घडलं आणि कोण थोर माणसं जन्मली, ते सुवाच्य अक्षरात मांडतो. फेब्रुवारी झाला, मार्च झाला, कुणाचं काही बिघडलं नाही. कुणी वाचतच नव्हतं, हे त्यामागचं कारण आता माझ्या ध्यानात येतंय.

या खेपेला मी जून १९२९ निवडला आणि आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. महिना मात्र असा भरगच्च होता की मलाच लिहिताना मजा येत होती. एक जूनला नर्गिस जन्मली, सहा जूनला सुनील दत्त, म्हणजे पुढे जे नवराबायको झाले ते पाच दिवसांच्या अंतराने जगात आले. पहिल्याच आठवड्यात इंग्लंडात मजूर पक्षाचं सरकार आलं, सातला व्हॅटिकन हे एवढंसं स्वतंत्र राज्य झालं, आणि बाराला दिल्लीच्या असेंब्लीत बॉम्ब टाकल्याबद्दल भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांना जन्मठेप झाली. मी बारा तारखेखाली लाल खडूने रेघ मारली. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी फळा पुरा केला, चार पावलं मागे जाऊन पाहिला आणि खूश होऊन चहाला वर गेलो.

खाली आलो तर आमच्याकडे जिने झाडणारी कमळ फळ्यासमोर उभी. ती पौडच्या पलीकडे डोंगरातल्या एका वाडीची. अक्षराला अक्षर जुळवून वाचते, पण वाचते, आणि वाचणाऱ्या माणसाला नाही म्हणणं मला आयुष्यात जमलेलं नाही. ती म्हणाली, "काका, आमच्या आजेसासऱ्याची बी हीच तारीख हाय. सालबी हेच. मंग त्यांचं नाव का न्हाई?" मी तिला समजावलं की हा फळा प्रसिद्ध माणसांचा आहे. ती म्हणाली, आमच्या वाडीत त्यांना कोण वळखत न्हाई ते दाखवा. आधार कार्डाचा फोटोही तिने मोबाइलवर दाखवला. कोंडीबा, जन्म एक जून एकोणीसशे एकोणतीस. माझी मती फिरली, आक्का. मी खडू उचलला आणि नर्गिसच्या खाली लिहिलं: 'कोंडीबा, शेतकरी, मुळशी.' कमळने फळ्याचा फोटो काढून वाडीवर धाडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉचमन तानाजी त्याच्या आत्याचं आधार घेऊन हजर. एक जून. मग दूधवाल्याचा आजा, एक जून. प्लंबरची आई, एक जून, आणि प्लंबर स्वतः, तोही एक जून. साल मात्र कुणाचं अडतीस, कुणाचं सेहेचाळीस, प्लंबरचं तर ब्याऐंशी. मी सांगितलं की साल एकोणतीसच पाहिजे. तानाजी म्हणाला, मग साल बदला की, खडू तुमच्याच हातात हाय. शुक्रवारपर्यंत माझ्याकडे चौदा आधार कार्डं जमली होती आणि मला दिवसाढवळ्या एक जून दिसायला लागला होता. आता हे सगळे एकाच दिवशी कसे जन्मले, हे तुला सांगायला नको. शाळा उघडायची जूनमध्ये, पोराला सहा वर्षं पुरी झालेली दाखवायची, आणि बाप सांगणार की पोरगं पेरणीच्या सुमाराचं आहे, सहा की सात पेरण्यांमागचं. मग मास्तर एक जून लिहून मोकळा. अशा मास्तरांना फळ्याजवळ उभं करून छड्या मारायला हव्यात. (मीही कळंब तालुक्यात असताना दोन-चार पोरांची तशी लिहिली असेल. चारशे धर.)

तेवढ्यात हेमलताबाई आल्या. बाई मूळच्या अकोल्याच्या, बँकेतून निवृत्त झाल्या, पण पडताळणी काही त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. त्यांनी फळा वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. त्यांचं म्हणणं असं की सोसायटीच्या फळ्यावर सोसायटीचं नाव असतं, तिथे खात्री नसलेला मजकूर चालणार नाही. सोमवारपर्यंत या कोंडीबाच्या तारखेचा पुरावा आणा, नाहीतर नाव पुसा. मला राग आला तो एवढ्याचसाठी की बाईंचं बरोबर होतं. फळ्यावर खोटं लिहायचं नाही, हे मीच चाळीस वर्षं पोरांना सांगत आलो. आणि नाव पुसावं तर तिकडे कमळने जीप ठरवलेली, म्हाताऱ्याला नवं धोतर घेतलेलं, सोमवारी अर्धी वाडी त्याचं नाव बघायला येणार होती. इकडे आड आणि तिकडे विहीर, मध्ये तुझा भाऊ, हातात डस्टर.

शनिवारी सकाळी मी एसटी पकडून पौडला तहसील कचेरीत गेलो. म्हटलं, जन्माची जुनी नोंद मिळाली तर सुंठीवाचून खोकला जाईल. कचेरीला कुलूप होतं. शनिवारी सरकारी कचेरी बंद असते, हे दर महिन्याला तारखा लिहिणाऱ्या माणसाला ठाऊक असायला हवं होतं. चहावाल्याने तेच सांगितलं, फक्त जास्त मोकळ्या शब्दांत. आता आलोच आहे तर म्हाताऱ्यालाच विचारू, असं म्हणून वाडीकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसलो. बसलो म्हणजे एका पायावर, कारण दुसऱ्या पायाच्या जागी सिमेंटचं पोतं होतं. जीप जिथे थांबली तिथून अर्धा तास चढ. (तू म्हणतेस तुझा गुडघा. माझेही दोन आहेत.)

कोंडीबा पडवीत बसून दोरी वळत होता. मी नाव सांगितलं, पाणी प्यालो आणि शक्य तितक्या गोड आवाजात विचारलं की बाबा, तुमचा जन्म नेमका कधीचा? तो म्हणाला की थोरला भाऊ खाली, आता पाण्यात असलेल्या गावात झाला, आणि मुळशीचं धरण झाल्यावर घरं वर आली तेव्हा हा. आई त्याला सांगायची, वर आल्यावर दुसरी नाचणी झोडत होते त्या दिवशी तू झालास. आक्का, नाचणी झोडतात दिवाळीनंतर. म्हणजे जून तर नव्हेच, आणि सालही एकोणतीस असेल नाही तर नसेल. मग एक जून कुठून आला? तर दीड वर्ष शाळेत गेला होता. मास्तर म्हणाला की आज एक जून आहे, तू आजच जन्मलास असं लिहितो. हे सांगून म्हातारा हसला. मी हसलो नाही. पुरावा मिळाला होता, फक्त उलट्या बाजूचा, आणि मी त्याला फळ्याचे नियम समजावून सांगायला लागलो. तो दोरी वळता वळता ऐकत होता. मग त्याने एकदाच विचारलं, "ती नर्गिस का कोन, तिचा दाखला बगाया गेलता का तुमी?"

मी म्हटलं, नाही.

"मंग माजाच का?"

आक्का, नर्गिसची तारीख मी मोबाइलवर पाहिली होती आणि डोळे झाकून उतरवली होती. व्हॅटिकनला कधी झालास म्हणून विचारायला मी गेलो नव्हतो. आणि ज्याची तारीख एका माझ्यासारख्याच मास्तरने घाईत टाकली, त्याच्या दारात मात्र मी डोंगर चढून पुरावा मागायला आलो होतो. मला माझीच लाज वाटली. म्हाताऱ्याने जेवल्याशिवाय सोडलं नाही. भाकरी नाचणीची होती.

संध्याकाळी हेमलताबाईंनी फाटकातच गाठलं. मी सांगितलं की खात्री केली, तारीख बरोबर आहे. आयुष्यात प्रथमच जाणूनबुजून खोटी तारीख खरी म्हणून सांगितली. (प्रथमच नव्हे, चारशे एकाव्यांदा.)

सोमवारी जीप आली. तीतून अकरा माणसं उतरली आणि शेवटी नव्या धोतरातला कोंडीबा. त्याने कमळला फळा मोठ्याने वाचायला लावला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मजूर पक्षासकट. तिला अर्धा तास लागला. एरवी फळ्याकडे न बघणारे लोकही थांबून ऐकत होते. नर्गिस आता नाही, हे कळल्यावर म्हातारा हळहळला. "गेली व्हय? माज्याच वयाची की." मग त्याने स्वतःच्या नावावर बोट ठेवलं. बोटाने खडू थोडा पुसला गेला, तो मी तसाच राहू दिला. एवढ्यात हेमलताबाई केक घेऊन अवतरल्या (पडताळणी झाल्यावर बाई मनाने फार मोकळ्या होतात) आणि त्यांनी पुकारा केला की ज्यांचा ज्यांचा आज वाढदिवस असेल त्यांनी पुढे यावं. एकोणीस जण पुढे आले. त्यात, कागदावरच्या तारखेने, हेमलताबाईंचे यजमानही होते. बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की केक बाईंच्या हातातच राहिला. सुरी धरायला एकोणीस हात म्हटल्यावर केकचं काय झालं ते लिहीत नाही. पुकाऱ्यासाठी आणलेला माइक माझ्या हातात होता. तो सांभाळायचं निमित्त करून मी बाजूला उभा राहिलो.

तर असा मनस्ताप. पुढच्या महिन्यासाठी मी सालच नको म्हणून फळ्यावर पाण्याची वेळ लिहिणार आहे. भाचे मंडळींना आशीर्वाद, तुला पुन्हा दंडवत.

तुझा,
जयसिंग

ता. क. कुरडया संपल्या. कुणी इकडे येणार असेल तर पाठव. अनुष्का मागणार नाही, पण खाते तीच.

ता. क. दुसरा. मुख्य गोष्ट लिहायची राहिली, म्हणजे राहू दिली. परवा एकोणीस नव्हे, वीस जण होते. माझ्याही सेवापुस्तकात एक जूनच आहे आणि म्हणून मी मेअखेरीला निवृत्त होऊन घरी बसलो. दरवर्षी त्या दिवशी बँकेचा शुभेच्छांचा मेसेज येतो, मी तो पुसून टाकतो आणि घरात वाढदिवस करू देत नाही, कारण तो माझा नाही. माझा कोणता ते आईला कधी विचारलं नाही. कोंडीबाला त्याची आई निदान नाचणी तरी सांगून गेली. मी झालो तेव्हा तू आठ-नऊ वर्षांची होतीस, आता सांगणारी तू एकटीच उरलीस. हरभरा होता की ज्वारी, थंडी होती की ऊन, जे आठवेल ते लिही. काहीच आठवत नसेल तर तू आपल्या मनाने एक दिवस ठरव आणि ठामपणे कळव. जून सोडून कोणताही चालेल. मी दाखला मागणार नाही.