काचेच्या रंगांची वाटणी

मी, सौ. सुगंधा गुरुदास आरोसकर, वय सत्तेचाळीस, धंदा बोटींच्या लहान प्रतिकृती रंगवणे, राहणार शिरोडा, तालुका वेंगुर्ला, जिल्हा सिंधुदुर्ग, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे; घरातल्यांचे मत विचारलेले नाही. पुढच्या आठवड्यात गोव्याला माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. घाबरण्यासारखे काही नाही, असे डॉक्टर म्हणाले, आणि लगेच कागदपत्रे नीट करून ठेवा असेही म्हणाले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

१. पोस्टातले पैसे आणि अंगावरचे दागिने माझी मुलगी स्वप्ना हिला द्यावेत. ती पुण्याला नोकरी करते. पाटल्या मोडून तिने दुसरे काही घडवले तरी चालेल. मलाही त्या आवडत नव्हत्या, पण सासूबाई असेपर्यंत हे बोलायची सोय नव्हती.

२. तांब्याचा मोठा हंडा माझे थोरले दीर श्री. गंगाराम यांना द्यावा. हा हंडा माझ्या सावंतवाडीच्या माहेरचा आहे. ते त्यांना मान्य नाही. तरी मी तो माझा म्हणून देते आणि त्यांनी तो घ्यावा, म्हणजे मान्य केल्यासारखे होईल.

३. घराची मागची पडवी सासूबाईंनी बक्षीसपत्र करून माझ्या नावे केली होती. ती मी माझे पती गुरुदास यांना देते. त्यातले बाक, पटाशा, कानशी आणि सागाचे तुकडे मुळात त्यांचेच आहेत. बोटीचा सांगाडा ते कोरतात, रंग मी देते. जुना ट्रॉलर विकायला निघाला की मालक आम्हाला त्याची हातभर प्रतिकृती करायला सांगतो आणि ती ओटीवर ठेवतो. जहाजावरून सुटीवर आलेली मुलेही आपापल्या जहाजांचे फोटो घेऊन येतात. काम भरपूर आहे. हे मुद्दाम लिहिते, कारण गेल्या महिन्यात मी आत पडून होते तेव्हा ओटीवर काय बोलणे झाले ते मला ऐकू आले.

गंगाराम म्हणाले, "गुरू, सुगंधा आसा तवसर ठीक आसा. मागसून तू एकटो पडवीत बसान काय करतलंस? एसी लावया. शिरोड्याक पर्यटक येतत, खोली रिकामी ऱ्हवाची नाय."

गुरुदास म्हणाले, "होय, दादा."

हे मृत्युपत्र मी त्या "होय"साठी लिहीत आहे. बाकीची कलमे ओघाने आली. माझ्यामागे हा माणूस पटाशी खाली ठेवील आणि पर्यटकांच्या बादल्या भरत बसेल, आणि विचारले तर बरे चालले आहे म्हणून सांगेल.

४. ते "होय" का म्हणाले, हे पुढे वाद होऊ नये म्हणून नोंदवते. गुरुदास यांना तांबडा आणि हिरवा हे रंग वेगळे दिसत नाहीत. तरुणपणी जहाजावर नोकरी मिळत होती, ती डोळ्यांच्या तपासणीत गेली. लोकांना त्यांनी सांगितले की आईने सोडले नाही. लग्न झाल्यावर मला खरे सांगितले, भावाला माहीत होतेच. तिसऱ्या कोणाला माहीत नव्हते.

बोटीच्या डाव्या अंगाला तांबडा दिवा असतो आणि उजव्या अंगाला हिरवा. चार वर्षांपूर्वी महादू तांडेलांनी सांगितलेल्या लहान बोटीचे हे दिवे मी रंगवले आणि हृदयाच्या तपासणीसाठी सावंतवाडीला गेले. श्रावणातल्या हवेत पारदर्शक रंग लवकर वाळत नाही. म्हणून हिरव्या दिव्यावर धूळ बसू नये यासाठी स्टीलची वाटी उपडी घालून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी नारळी पौर्णिमा होती. माझी थोरली जाऊ नर्मदा हिने पडवीत येऊन बोटीची पूजा केली. वाटी उचलली, बोटीला सगळीकडे कुंकू लावले, वाटी परत ठेवली. बाकीचे कुंकू झडले, हिरव्या दिव्याच्या चिकट रंगाने मात्र ते धरून ठेवले. संध्याकाळी महादू बोट न्यायला आले तेव्हा गुरुदासनी ती नीट पाहून, कागदात बांधून दिली.

मी परत आले त्या दिवशी महादू बोट घेऊन ओटीवर बसले होते. म्हणाले, "गो सुगंधा, माझ्या बोटीक दोनय बाजूंनी तांबडो दिवो! हिका उजवी बाजूच नाय काय?"

नर्मदा म्हणाली, "माझ्या हातसून कुंकू लागला. बोट ती बोट, ल्हान म्हणान काय झाला? नारळी पुनवेक तशीच ठेवू?" आणि मग गुरुदासकडे वळून म्हणाली, "पण भावजी, बांधताना तुमका दिसूक नाय?"

गंगाराम हसले. "तेका तांबड्या-हिरव्यातला कळता काय? म्हणान तर बोटीर घेवक नाय तेका!"

महादूंनी बोट तशीच परत नेली. कुंकू लागलेली बोट कशी परत करू, म्हणाले. ती अजून त्यांच्या ओटीवर आहे. बोटीचे काही बिघडले नाही. त्या दिवसापासून मी रंगाची बाटली उघडली की गुरुदास उठून विहिरीवर जातात. पाणी नको असले तरी जातात.

दीर हसले त्याचा राग मी दोन दिवसांत सोडला, कारण ते सगळ्यालाच हसतात. नर्मदाने विचारले त्याचा राग चार वर्षे धरला. एका घरात राहून आम्ही "तिका सांग, दूध उतू जाताहा" असे भिंतीला सांगत आलो. तिला माहीत नव्हते, हे मला माहीत होते. पण राग कुठेतरी ठेवायला लागतो.

५. सबब माझे सर्व पारदर्शक अॅक्रिलिक रंग, ज्यांना घरात काचेचे रंग म्हणतात, म्हणजे तांबडा, हिरवा, निळा, नारिंगी, पिवळा आणि धुरकट, तसेच रुपेरी रंगाची बाटली आणि बारीक कुंचले, मी माझी थोरली जाऊ सौ. नर्मदा गंगाराम आरोसकर हिला देते. तिने ते पडवीतच ठेवावेत आणि तिथेच बसून वापरावेत.

कारणे विचारली जातील म्हणून देते. तिचा हात थरथरत नाही. ओल्या दिव्यावर लावलेले ते कुंकूसुद्धा बरोबर मधोमध लागले होते. हे मी तेव्हाच पाहिले होते आणि कोणाला सांगितले नव्हते. दुसरे कारण असे. मिरच्या वाळत घालायच्या वेळी पिकलेल्या वेगळ्या काढायला गंगाराम आपल्या भावाला हाक मारतात, तेव्हा नर्मदा आतूनच म्हणते, "तेंका नारळ सोलूक सांगलंय मी. तुम्ही येवा." नारळ सोललेलेच असतात. चार वर्षे हे मी बघते आहे.

वापरण्याची रीत अशी. माझ्या माहेरी लाकडी आंबे-केळी रंगवतात, तो रंग लाकूड झाकतो. हा झाकत नाही. खाली जे असेल ते वर दिसते. म्हणून दिव्याला आधी रुपेरी रंग द्यावा, तो पुरता वाळू द्यावा, मग काचेचा रंग. नुसत्या लाकडावर दिला तर काविळीसारखा दिसतो. एकदाच जाड थर देऊ नये. पातळ तीन द्यावेत. ओल्या रंगावरून कुंचला परत फिरवू नये, चूक दिसली तरी. वाळल्यावर बघावे, बहुतेक वेळा ती चूक नसते. केबिनच्या खिडक्यांना धुरकट रंग आतल्या बाजूने लावावा. मृगापासून गणपतीपर्यंत हे काम काढू नये. गिऱ्हाईक घाई करील, त्याला चहा द्यावा.

बाटल्यांच्या झाकणांवर मी कानशीने खुणा केल्या आहेत. तांबड्याला एक, हिरव्याला दोन. गुरुदास स्वतः कधी रंग द्यायला बसले तर कोणती बाटली घ्यायची हे त्यांना बोटाने कळेल. रंग कुठे लागला, कुठे राहिला, हे मात्र कोणीतरी शेजारी बसून सांगावे लागते. ते हळू आवाजात सांगावे. गिऱ्हाईक ओटीवर असेल तर सांगूच नये, ते गेल्यावर सांगावे.

६. नर्मदावर सक्ती नाही. ज्याला मिळायचे आहे त्याने साक्षीला न बसलेले बरे, असे वकील म्हणाले. मी त्याची अटच करते. खाली दुसऱ्या साक्षीदाराची जागा मी नर्मदासाठी मोकळी ठेवत आहे. तिला हे नको असेल तर तिने तिथे सही करावी, म्हणजे कलम ५ रद्द समजावे, रंग फेकून द्यावेत, आणि पडवीत एसी बसला तरी माझी तक्रार नाही. एका शब्दानेही न बोलता नाही म्हणता यावे, यासाठी मला दुसरा मार्ग सुचला नाही. गेल्या चार वर्षांत आम्हाला बोलायची सवय राहिलेली नाही.

७. माझ्यामागे फोटोला हार घालायचा तर खऱ्या फुलांचा घालावा. प्लास्टिकच्या फुलांचे रंग मला बघवत नाहीत.

सही करण्यापूर्वीची नोंद : आज सकाळी ओटीवर सर्व मंडळी बसली असता मी हे मोठ्याने वाचून दाखवले. हंड्याच्या कलमाला श्री. गंगाराम यांनी हरकत घेतली, ती लिहून घेतली आहे. चौथ्या कलमाला गुरुदास उठले, पण विहिरीवर गेले नाहीत, खांबाला टेकून उभे राहिले. पहिले साक्षीदार डॉ. नाईक यांनी पेन नर्मदापुढे धरला. तिने कागद मागून घेतला आणि पाचवे कलम स्वतः वाचले. मग सहावे वाचले. पेन तिने हातात घेतला, टोपण लावले आणि परत दिला.

"मी सही करूचंय नाय," ती म्हणाली, भिंतीला नाही, मला. "आणि तू गो खंय मरतंस? शिकयतलो कोण माका, तुझो बापूस?"

गंगाराम म्हणाले, "अगो, पण एसी..."

"तुमच्या डोक्यार लावा."

सबब दुसऱ्या साक्षीदार म्हणून शेजारच्या यशोदाबाईंना हाक मारून आणले आहे. मृत्युपत्र करणारी दोन्ही साक्षीदारांसमोर आणि साक्षीदार तिच्यासमोर सही करीत आहेत.

ठिकाण : शिरोडा
दिनांक : १७ नोव्हेंबर २०२५

सही : सुगंधा गुरुदास आरोसकर

साक्षीदार
१. डॉ. सुदेश नाईक, शिरोडा
२. सौ. यशोदा लवू परब, शेजारीण. या चुलीवर भात ठेवून आल्या आहेत, म्हणून इथेच पुरे करते.