पाणी पुन्हा भरलं

माय, परवा आमच्या समोरच्या घरी एक नर्स आली होती. तिथल्या आजींना तुझ्यासारखाच आजार आहे, आता बरा न होणारा. दुखण्याचं औषध कधी वाढवायचं, धाप लागली तर पाठीशी उशा कशा लावायच्या, तोंडावर वारा कसा घालायचा, हे सगळं ती सुनेला शेजारी बसवून शिकवत होती. मी वाटी परत द्यायला गेले होते, ती हातात धरून दारातच उभी राहिले.

आपल्याला मोठ्या डॉक्टरांनी एवढंच सांगितलं होतं, "आता औषधं बंद. घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला." पर्वत पाटिया वस्तीच्या पलीकडची आपली एकच खोली, दोन्ही बाजूंना कापड विणायच्या लूमचे कारखाने. तू भिंतीला टेकून बसायचीस, पोट घागरीसारखं फुगलेलं, आणि तरी मजुरीवर आलेल्या साड्यांचे धागे कापायला मागायचीस. मी भाकर थापायला बसले की तुझं लक्ष परातीत. "पीठ घट्ट झालं तुहं, कडा फाटतीन." कडा फाटायच्याच. तू तुकडा मोडून तोंडात धरायचीस, आणि मी पाहत नाही असं वाटलं की काढून ठेवायचीस. कारखाने सुरू असले की तुला बरं वाटायचं. म्हणायचीस, "या खडखडाटात माहं कन्हनं कोनाले आयकू जात नाही." कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी मात्र तू पदर तोंडात धरून पडून राहायचीस.

पोटात पाणी भरलं की तुला धाप लागायची, आणि धाप लागली की मला रिक्षाशिवाय काही सुचायचं नाही. गल्लीतला रिक्षावाला तुला मावशी म्हणायचा, खड्डा आला की आधीच सांगायचा. कॅज्युअल्टीत दर वेळी नवा डॉक्टर, दर वेळी मी पहिल्यापासून सांगतेय, गाठ कधी कळली, ऑपरेशन का झालं नाही. ते सुई घालून पाणी काढायचे, एक इंजेक्शन द्यायचे, आणि तू पडल्यापडल्या हात जोडायचीस, "साहेब, पुन्हा तरास देल्ला तुम्हाले." एकदा एक तरुण गुजराती डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाला, "बेन, सारखं आणून काय फायदा? हे पाणी पुन्हा भरणारच." मी विचारलं, "मग श्वास अडकला की घरी काय करू?" तो म्हणाला, "मनेय खबर नथी, बेन." त्यालाही ठाऊक नव्हतं. मला त्याचा राग आला नाही. माझ्याच वयाचा असेल.

त्या दिवशी परतताना तू रिक्षात म्हणालीस, "आता मले तिथी नेऊ नोको. कितीबी जीव घाबरला तरी. घरीच राहू दे, तुह्या बापाजवळ." मी हो म्हणाले. घरी बाबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चपला घातल्या आणि पाळीवर निघून गेले.

आणि मग ती दुपार. बाबा कारखान्यात, जेवणाची भांडी तशीच पडलेली. तू एकदम उठून बसतेस. डोळे मोठे, ओठ निळे पडत चाललेले. माझं मनगट धरतेस आणि म्हणतेस, "ने..." पुढे श्वासच नाही. मी वाट पाहते. तू पुन्हा म्हणतेस, "ने..." मी दारात जाऊन रिक्षावाल्याला हाक मारली.

कॅज्युअल्टीत कुठल्याशा अपघातातली माणसं आणली होती, डॉक्टर सगळे तिकडे. तुझं स्ट्रेचर बाहेर, भिंतीला लावलेलं. मी पदरानं वारा घालत होते, येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवत होते. एक सिस्टर धावत आली, तुझी नाडी पाहिली आणि मग घाई करायची थांबली. बाबा पोचले तेव्हा तुझा चेहरा झाकलेला होता. त्यांनी मला काही विचारलं नाही. पुढे कधीच विचारलं नाही.

इतकी वर्षं मी तो शब्द मनात पुरा करत आले. कधी तो 'ने पोरी' होतो, कधी 'नेऊ नोको'. तू भेटलीस तर आधी हेच विचारायचं, असं ठरवलं होतं. आज लिहिताना वाटतं, नाही विचारणार. हा कागदही कुठे जायचा नाही, म्हणून सांगते. तू 'नोको' पुरतं म्हणाली असतीस ना, माय, तरी तुझे ते डोळे बघून मी रिक्षाच बोलावली असती.