तुडवणीच्या खड्ड्याबाबत

कपाळावर चष्मा ठेवून घरभर चष्मा शोधणारी माणसं तुम्ही. माझं म्हणणं तुमच्या आठवणीवर सोडलं तर मला पुरायच्या आधीच निम्मं हरवेल. म्हणून ते कागदावर ठेवते आहे.

मी, ॲगाथ ड्युफो, कै. फ्रँक ड्युफो याची विधवा, राहणार वाकडं तळं, ओजिब्वे लोकांची राखीव वस्ती, उत्तर मिनेसोटा. वय सत्तरीच्या पुढे. नेमकं किती, याबद्दल चर्चचं एक म्हणणं आहे आणि माझ्या आईचं दुसरं होतं. डोकं ठिकाणावर आहे. पाय नाहीत, पण मृत्युपत्राला पाय लागत नाहीत असं रोझेल म्हणते. मला कोणी धाक घातलेला नाही. धाक घालणारी माणसं माझ्याआधीच गेली.

मला अक्षर येत नाही. का येत नाही ते पुढे येईल. जमातीच्या कचेरीतली रोझेल हे लिहून घेते आहे आणि प्रत्येक पान मला वाचून दाखवते आहे. जिथे जिथे तिने माझं बोलणं सभ्य केलं, तिथे ते मी परत बिघडवून घेतलं आहे.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. मात्र चुलीपाशी बसून 'हे तुला, ते तुला' असं जे काही बोलले असेन ते सगळं या लेखाने रद्द समजावं. विशेषतः कढई. ती मी बऱ्याच जणांना कबूल केलेली आहे.

कलम पहिलं. राहतं घर, त्यातली चूल, शिवणयंत्र, गोधड्या आणि बँकेत जे काही शिल्लक असेल ते, माझी मुलगी व्हर्ना हिला. व्हर्ना मिनिआपोलिसमध्ये एका हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात दिवसभर सिमेंटवर उभी असते, तिला शेवटी बसायला जागा असावी. मागचं दार दमट हवेत फुगतं. ते खांद्याने नाही, कमरेने ढकलायचं. तिच्या बापाने खांद्याने ढकलून खांदा आणि दार दोन्ही बिघडवलं.

कलम दुसरं. तळ्यात आपोआप उगवणारं भात काढायची माझी सगळी हत्यारं, म्हणजे डोंगी ढकलायची लांब काठी, दाणे झोडायच्या सीडरच्या दोन हलक्या काठ्या, बर्चच्या सालीचं मोठं सूप आणि वर सांगितलेली कढई, माझ्या भावजयीची नात आयोन हिला. भात भाजताना ती बडबडत नाही, एवढं कारण पुरे.

कलम तिसरं. माझं मासे धरायचं जाळं ज्याने नेलं त्याला माहीत आहे. ते त्याच्याकडेच राहू द्यावं, भोकांसकट.

कलम चौथं. माझा नातू लेनर्ड, व्हर्नाचा मुलगा, याला तळ्याकाठचा मोठा धोंडा. धोंडा फक्त, खालची जमीन नाही. उचलता आला तर न्यावा.

याचा खुलासा करायला हवा. लेनर्ड शिकलेला आहे, मनाने चांगला आहे, आणि घाईचा आहे. मागच्या उन्हाळ्यात आला आणि माझ्या पाठीच लागला.

"आजी, ही जागा पवित्र आहे ना? तिची कथा सांग."

"बर्फ पडू दे." आमच्यात त्या जुन्या कथा बर्फ असतानाच सांगतात. उन्हाळ्यात बेडूक कान देऊन बसलेले असतात.

"बर्फ पडतो तेव्हा माझी परीक्षा असते, आजी."

"मग बेडकांना विचार."

ऐकेना. मी कपडे धुवायला गेले, मागे आला. मी मासा साफ करायला बसले, समोर बसला. शेवटी मी त्या धोंड्याकडे बोट केलं आणि सांगितलं, की गडगडाट करणाऱ्या पक्ष्याने एकदा तिथे बसून पाय धुतले. उन्हाळ्यात मागितलं तर उन्हाळ्यातलंच मिळणार. त्या धोंड्यावर मी व्हर्नाची दुपटी वाळवली आहेत, याहून जास्त त्या धोंड्याने काही केलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात धोंड्याभोवती दोरी आणि समोर पाटी. पाटीवर काय आहे ते मला वाचता येत नाही, पण लोक तिथे टोप्या काढायला लागले. नैवेद्यासारख्या तंबाखूच्या चिमट्या ठेवायला लागले. एक म्हातारी येऊन पोटभर रडली आणि हलकी होऊन घरी गेली. मी खरं सांगायला निघाले होते, मग राहू दिलं. धोंड्याने काही मागितलं नव्हतं; पण इतकी माणसं इतक्या मनाने तंबाखू ठेवणार असतील, तर त्यालाही उद्यापासून नीट वागावं लागेल. दोरी तेवढी काढ, लेनर्ड. चांगली दोरी आहे, कपड्यांना होईल.

आता कलम पाचवं, ज्याच्यासाठी ही सगळी दमणूक चालली आहे. रोझेल, पान नवीन घे.

तळ्याकाठचा जमिनीचा पट्टा, जो मला माझ्या आईकडून आला, त्यावरची डोंग्या लावायची जागा, आणि संडासाच्या मागे असलेला तुडवणीचा खड्डा. खड्डा म्हणजे कमरेएवढाही खोल नाही, आतून लाकडी पट्ट्या लावलेल्या. भाजलेलं भात त्यात ओतायचं, कोऱ्या कातडी जोड्यांनी आत उतरायचं, दोन्ही बाजूंच्या दांड्यांवर अंगाचा भार घेऊन हलकं हलकं नाचायचं. टरफल सुटतं, दाणा राहतो. बाकी बघण्यासारखं तिथे काही नाही. लेनर्ड त्याच्यावरून उडी मारून धोंड्याकडे गेला.

हा पट्टा विकावा असं व्हर्नाच्या मनात आहे. घेणारा शहरातला आहे. त्याला बोटी उतरवायला खडीचा उतार हवा, आणि खडीची पहिली गाडी खड्ड्यातच रिकामी होणार.

"आई, तिथे आता कोण जातं? मी लहानपणी त्यात पडून दात पाडलाय."

"दुधाचा होता."

"छप्पर गळतंय, आई."

छप्पर गळतं, हे खरं आहे. तिच्याशी भांडायला माझ्यात जोरही नाही. मी तिला एवढंच विचारलं, की तुला शांत कुठे वाटतं. तिने बराच विचार केला. म्हणाली, धुलाईखान्याच्या मागच्या पायरीवर, तिथे भिंतीतून गरम वाफ येते, सुटीत मी बसते, कोणी हाक मारत नाही. ती तिची पायरी. उद्या तिच्यावर कोणी खडी ओतली तर मी काठी घेऊन जाईन.

माझं असं आहे. मी दात पडायच्या वयाची होते. सुगी होती, आमचा मुक्काम याच किनाऱ्यावर. सरकारी निवासी शाळेची घोडागाडी पोरं जबरदस्तीने न्यायला आली; तिथे आमची भाषा बोलू देत नसत. सुगीत सगळी पोरं एका जागी सापडतात हे त्यांना ठाऊक होतं. माझी आजी खड्ड्याशी होती. तिने मला आत बसवलं, गुडघे नाकाला लावून. वर हरणाचं कातडं ओढलं, आणि काठावर बसून पाखडायला लागली. खड्ड्यात एकच मावत होतं. माझा थोरला भाऊ अल्सीड बाहेर उभा होता.

गाडीवाल्याने विचारलं, "पोरगी कुठे आहे?"

आजी म्हणाली, "तळ्यात असेल. बूट काढ आणि बघ."

मग त्याने अल्सीडला विचारलं. अल्सीडने खड्ड्याकडे पाठ केली आणि तळ्याकडे बघत उभा राहिला. बोलला नाही. त्याचे दंड धरून हलवलं, तरी मान वळवली नाही. मला यातलं काही दिसत नव्हतं. आजीने नंतर सांगितलं. तसाच पाठ करून तो गाडीत चढला.

म्हणून मला अक्षर येत नाही. त्याला आलं. परत आला तेव्हा उंच झाला होता, सही देखणी करायचा, आणि आजीशी बोलायला त्याला आमचे शब्द सापडत नव्हते. आजी त्याला नुसती वाढत राहायची.

पुढे तो संसाराला लागला. दर सुगीला पहिलं पोतं माझ्याकडे आणायचा. स्वतः खड्ड्यात कधी पाय घातला नाही. मी तुडवायची, आणि तो पाठ करून तळ्याकडे बघत उभा. लोक चिडवायचे, "काय अल्सीड, बहिणीचा नाच बघवत नाही?" तो म्हणायचा, "तुम्ही बघितलाय ना? मग विचारता कशाला." आम्ही दोघं त्या दिवसाबद्दल एकमेकांशी जन्मात बोललो नाही. दर सुगीला तो पाठ करायचा, मी तुडवायची.

लेनर्ड, ही जुनी कथा नाही, घडलेली गोष्ट आहे; उन्हाळ्यात चालते. तेव्हाच का नाही सांगितली म्हणशील. तुझ्या हातात दोरी होती.

आता अल्सीडची बायको, माझी वहिनी, क्लोटिल्ड बेलगार्ड. हिने तेलाच्या पिंपाला मोटार जोडून टरफल काढायचं यंत्र केलं, आणि वस्ती सगळी तिच्या पिंपाकडे गेली. जाईना का. पण अल्सीड वारला त्या सुगीला, त्याने स्वतः झोडून आणलेलं शेवटचं भात हिने पिंपात घातलं. मी त्याच्या दिवसाच्या जेवणात, सगळ्यांदेखत, म्हटलं की भाताला पेट्रोलचा वास येतो. तिने वाढायचा डाव खाली ठेवला. तेव्हापासून आम्ही बोलत नाही. बोलायचं असतं ते माझ्या कुत्र्यामार्फत. त्याचं नाव पाद्री, कारण तो दोघींचं ऐकून घेतो आणि झोपतो.

पुढच्या सुगीला ही एक पोतं घेऊन दारात.

"पाद्री, त्या बाईला विचार, खड्डा मोकळा आहे का."

"पाद्री, सांग, मोकळा आहे. जोडे स्वच्छ आहेत का ते बघ."

"तिच्या जिभेपेक्षा स्वच्छ आहेत म्हणावं."

उतरली. पावलं दांडग्या मूस हरणाच्या मादीची. दाणा मोडत होता, आणि मी दातांवर दात दाबून बसले होते. तुडवून झालं. पोतं भरलं. आणि जायच्या आधी ती खड्ड्याकडे पाठ करून, तळ्याकडे बघत थोडा वेळ उभी राहिली. अल्सीडने तिला सांगितलं होतं, की नुसतंच तिने त्याला तसं उभं पाहिलं होतं, मला माहीत नाही. कुत्र्यामार्फत असलं विचारता येत नाही. त्यानंतर तिची एकही सुगी चुकलेली नाही.

म्हणून सदर पट्टा, खड्ड्यासह, मी क्लोटिल्ड बेलगार्ड हिला देत आहे, आणि तिच्यामागे तिची नात आयोन हिला. व्हर्नाने रागवावं, तिचा हक्क आहे. पण कोर्टात जाऊ नये, तिथेही दिवसभर सिमेंटवरच उभं राहावं लागतं.

अटी. तिथे दोरी नको, पाटी नको, खडी नको. कुठल्याही घराची डोंगी तिथे लागू द्यावी, भांडणातल्या घराचीसुद्धा. भात कधी काढायचं ते ठरवणारा मुखिया तळं उघडलं म्हणेपर्यंत कोणी हिरव्या भाताला हात लावू नये, आणि तंबाखू पाण्यावर ठेवल्याशिवाय काठी उचलू नये. दर सुगीला कोणाचे तरी पाय खड्ड्यात पडले पाहिजेत. ज्या वर्षी कोणाचेच पडणार नाहीत, त्या वर्षी खुशाल बुजवा आणि विका. मग तो नुसता खड्डाच आहे, आणि मी त्याच्यासाठी वर जागत बसणार नाही.

क्लोटिल्डने हे नाकारलं तर पट्टा व्हर्नाकडे जाईल. ती नाकारेल अशीच मला धास्ती आहे. वारस म्हणून बोलावलं असतं तर आलीच नसती, म्हणून मी तिला साक्षीला बोलावलं. ती आली. पुढचं रोझेलने माझ्या सांगण्यावरून इथेच नोंदवलं आहे.

सर्व कलमं वाचून झाली. पाचवं ऐकताना क्लोटिल्ड खिडकीकडे बघत होती. रोझेलने तिच्या हातात पेन दिलं आणि कायदा सांगितला, "क्लोटिल्ड मावशी, साक्षीदार म्हणून सही केलीत तर यातलं तुम्हाला काही घेता येणार नाही."

क्लोटिल्डने पेन उलटसुलट करून पाहिलं.

"पाद्री," ती म्हणाली, "त्या बाईला सांग, माझा चष्मा घरी राहिलाय. मला सही करता यायची नाही."

चष्मा तिच्या गळ्यात होता. तिने पेन टेबलावर ठेवलं आणि उठली. मागच्या दारापाशी थांबली, आणि कुत्र्याकडे न बघता म्हणाली, "वन्सं, खड्ड्याच्या खालच्या पट्ट्या कुजल्यात. सुगीआधी बदलायला हव्यात. सीडर आहे माझ्याकडे."

मी म्हटलं, "कमरेने ढकल. दार फुगलंय."

साक्षीदार पहिली: क्लोटिल्ड बेलगार्ड. (हे नाव खोडलं आहे. खोडाखोड मला मान्य आहे.)

साक्षीदार पहिला: अर्ल नॉर्डक्विस्ट, टपालगाडीवाला. सही.

साक्षीदार दुसरी: युनिस हॅगन, घरी येणारी नर्स. सही.

लेखनिक: रोझेल फेअरवेदर.

लिहून देणार: ॲगाथ ड्युफो. डाव्या हाताचा अंगठा.

वाकडं तळं, ९ ऑगस्ट १९८४.

ता. क. एक राहिलं. माझ्या नावाने जेवण घालाल तेव्हा माझं ताट चर्चच्या तळघरात ठेवू नका, झाडाखाली ठेवा. रोझेलच्या हातची हिरवी जेली नको. तळलेला पाव पाठवा, कडा जरा करपलेला. चहा काळा, साखर भरपूर. साखर मोजायला डॉक्टर तिथे नाही. मेलेल्यांच्या पश्चिमेच्या वाटेवर म्हणे एक मोठी स्ट्रॉबेरी लागते आणि तिला तोंड लावायचं नसतं. याहून जास्त उन्हाळ्यात सांगत नाही. पण भुकेल्या पोटी माझा भरवसा मलाच नाही, म्हणून ताट भरून पाठवा, आणि तळ्यातला पांढरा मासा उकडून, डोकं न काढता.