पाना मी फेकला नाही

२ फेब्रुवारी
पाच महिने इथे एक ओळ लिहिली नाही, याबद्दल स्वतःची माफी मागतो. प्रामाणिक कारण : मागच्या नोंदीनंतर वही भिंतीवर आपटली आणि पुठ्ठा निघाला. (आपटली गेली. वाऱ्याचाही काही भाग असावा.)

सासऱ्यांनी त्यांची जुनी स्पोर्ट्‌स कार आम्हाला दिली. लाल, दोन सीटची, लांब नाकाची. बायको ड्रायव्हिंग शिकली ती हिच्यावरच. सुरू होते, पण वेग दिला की खोकते आणि कार्बोरेटरच्या तोंडातून फटाके फोडते. कार्बोरेटर दोन. हवा जास्त, पेट्रोल कमी. पेट्रोल मापात सोडणारे पितळी जेट असतात, ते एक नंबर मोठे बसवायचे. एका रविवारचं काम.

बायकोने एकच अट घातली. गाडी नाही चालली तरी चालेल, पण मिक्सरचं झालं तसं पुन्हा काही झालं, तर ती बाबांकडे जाऊन राहील. मी विम्याचे दावे तपासतो, शब्दांबाबत काटेकोर आहे. तिला पुन्हा समजावलं की मिक्सर मी फेकला नव्हता, ठेवला होता. जमिनीवर. जरा वरून.

संकल्प : रागवायचं नाही. तसा मी रागवत नाहीच.

५ फेब्रुवारी
मोठे जेट बसवले. पुढचा कार्बोरेटर सुधारला, मागचा उपाशीच. दोघांनी सारखी हवा ओढायला हवी. त्यासाठी रबरी नळीचं एक टोक कानात आणि दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून फुसफूस ऐकायची. बायको ॲक्सिलरेटरवर. मी म्हणालो थोडा दाब. ती म्हणाली थोडा म्हणजे किती. मी म्हणालो थोडा म्हणजे थोडा. तिने दाबला. भसकन ज्वाळा आली आणि माझी डावी भुवई गेली.

बॉनेटला एक खळगा पडला. कोपर माझं होतं, हे नाकारत नाही. पण वेदनेत माणूस कुठेतरी टेकतोच.

८ फेब्रुवारी
मागच्याला आणखी मोठा जेट हवा. दुकानदार म्हणतो, आठवडा लागेल. एका भोकासाठी आठवडा. आहे तेच भोक दाभणाने किंचित रुंद केलं. किंचितच.

दुपारी चालू केली. गॅरेजभर काळा धूर, खाली पेट्रोलचं थारोळं. आता मागचा अधाशासारखा पितोय.

हेडलाइट फुटला. बूट माझा. पण दिवा इतक्या खाली बसवणाऱ्याचाही विचार व्हावा. जबाबदारी साठ-चाळीस. बायकोने काचा झाडल्या आणि एक शब्द बोलली नाही. म्हणजे तिलाही पटलं.

१२ फेब्रुवारी
बायकोने तिच्या भावाला बोलावलं. मला न विचारता. मेहुणा दातांचा डॉक्टर. त्याने मागचा जेट काढला, भिंगाखाली धरला आणि म्हणाला, "दाजी, हे किडलेलं नाही. हे कोरलंय."

मी म्हणालो, कारखान्यातूनच तसा आला असेल. बायको म्हणाली, शिवणाच्या डब्यातलं दाभण चार दिवसांपासून सापडत नाहीये. मेहुणा हसला. मी म्हणालो हसू नकोस. त्याने हसणं थांबवलं, पण ओठांच्या कोपऱ्यात थोडं ठेवलं.

पाना मी फेकला नाही. सोडला. तो त्याच्या दिशेने गेला, हे खरं. चार टाके, उजव्या भुवईवर.

दवाखान्याच्या बाकावर रुमाल कपाळाला धरून तो म्हणाला, "माझं सोडा, दाजी. ताई घाबरते तुम्हाला."

बिनबुडाचं बोलणं. तरी मी शंका ठेवत नाही. घरी आल्यावर बायकोला समोर बसवून विचारलं, घाबरतेस का, खरं सांग, मी अजिबात रागावणार नाही. ती नाही म्हणाली. लगेच म्हणाली. विषय मिटला. अटीचंही तिने काही काढलं नाही.

१३ फेब्रुवारी
आत्मपरीक्षण केलं. काही सापडलं नाही.

१८ फेब्रुवारी
विजय. नवे जेट आले. दोन्ही बसवले, एका वेळी एकच स्क्रू फिरवला, नळीतून ऐकलं. दोन्हीकडे एकच फुसफूस, जणू एकच माणूस झोपलाय. बायकोला म्हणालो, दाब. किती, तिने विचारलं नाही. इंजिन तळापासून वरपर्यंत सरळ चढलं. ना खोकला, ना फटाका. ती हसली. फार दिवसांनी.

नोंद करण्यासारखं : दिवसभरात मी काहीही फेकलं, आपटलं किंवा सोडलं नाही.

आनंदाने मी हात वर केला. हातात पाना होता. ती सीटवर दुमडली आणि तिने दोन्ही हात डोक्यावर घेतले.

मी म्हणालो, अगं, मी खूश झालोय.

ती सरळ बसली. "कळलं मला," म्हणाली. "पण हात आधीच वर गेले."

मग शांतपणे म्हणाली, पाना खाली ठेव. ठेवला. खरोखर ठेवला. म्हणाली, गॅरेजचं दार उघड. मला वाटलं, ट्रायल घेऊन येईल. तिने गाडी मागे घेतली, वळवली आणि माझ्याकडे न बघता गेली. कोपऱ्यावर गिअर बदलला तेव्हा कान देऊन ऐकलं. सुरेख.

संध्याकाळी सासऱ्यांचा फोन. पोचली. आता इथेच राहील. कपडे न्यायला मेहुणा येईल, त्या वेळी मी घरी नसलो तर बरं. मी विचारलं, चढावर पिकअप कसा होता. त्यांनी फोन ठेवला.

ती का दुमडली असावी, यावर निःपक्षपातीपणे विचार केला. कारण मिळालं. गॅरेजमधला बल्ब फडफडतो. अशा उजेडात साध्या हाताचीही सावली भलतीच मोठी पडते.

उद्या : गॅरेजचा बल्ब बदलणे.