मुलाखत क्रमांक सात

गिरगाव,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. बकुळामावशीस,
सा. न. वि. वि.

मी बरी आहे. मालकीणबाईंनी गॅलरीत कपडे वाळत घालायला अखेर परवानगी दिली, एवढीच इकडची बातमी. तुझे गुडघे कसे आहेत? फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पोस्टाचं तिकीट कुठे मिळतं हे मला दोन ठिकाणी विचारावं लागलं, हसू नकोस.

प्रबंध मार्गी लागलाय. 'ऑफिसात माणसं गप्प का राहतात' हा विषय सांगितला तेव्हा तू म्हणालीस, एवढं शोधायला पाच वर्षं कशाला लागतात. आता गाईड खूश आहेत, सगळ्यात जास्त सातव्या मुलाखतीवर. सात म्हणजे तू.

तुझ्या लेकीने, दीपिकाने मला सगळं सांगितलं. बुधवारची जवळ्याची चटणी डब्यातून तशीच परत येते. तुझ्या टेबलावरच्या तिघी आता खिडकीपाशी बसतात. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं असताना तू एकटी जेवतेस. मी तिला म्हटलं, चूक ऑफिसची. मी ऑफिसला दिलेला अहवाल फक्त वरच्यांनी वाचायचा होता, त्यांनी तो मीटिंगमध्ये पडद्यावर लावला. नाव तर मी कुठेच घातलं नव्हतं.

हे खरं आहे, पण अर्धंच.

मुलाखतीच्या दिवशी तुझ्या नायगावच्या घरी लसूण सोलता सोलता तू बोललीस. टेबलावरच्या तिघी साहेबांना सगळं पोचवतात, म्हणून मी तोंड उघडत नाही, म्हणालीस. वीस वर्षांत हे तू कोणालाच सांगितलं नव्हतंस. मी निघाले तेव्हा दारात थांबवलंस. "पूर्वी बाळा, चटणीचं तेवढं लिहू नकोस गं. चटणी म्हटली की मीच."

मी हो म्हटलं. आणि लिहिलं, प्रबंधात आणि अहवालातही. 'दर बुधवारी ज्यांच्यासाठी ती घरून चटणी आणते, त्यांच्यासमोरच ती गप्प बसते.' वाक्य छान जमलं होतं, मावशी. खोडवेना. गाईडनी त्याखाली दोन रेघा ओढल्या आणि मी दिवसभर हवेत होते. तुझं म्हणणं विसरले, असं दीपिकाला सांगितलं. विसरले नव्हते.

आई गेल्यापासून रविवारचं माझं ताट तुझ्याकडेच असायचं. गेले पाच रविवार खानावळीत जेवते. समोर कोणी अनोळखी येऊन बसलं तरी बरं वाटतं. फार एकटं वाटतं, मावशी, आणि हे तुला सांगायचा हक्कही मीच घालवला.

मुलाखतीआधी तू एका कागदावर सही केली होतीस. मी वाचून दाखवते म्हटलं, तर म्हणालीस, "तुझाच कागद ना? मग वाचायचा काय त्यात." त्यात लिहिलं होतं, कारण न सांगता मुलाखत कधीही मागे घेता येते. सोबत मुलाखत मागे घेण्याचा अर्ज आहे. माझी सही केली आहे, तुझी जागा रिकामी आहे. तू सही केलीस की सात नंबर जाईल. गाईड म्हणतात, मग प्रबंधाचं एक वर्ष गेलं. जाऊ दे. टेबलावरच्या तिघी त्याने परत येणार नाहीत, तेही मला कळतं.

बुधवारी एक वाजता तुझ्या ऑफिसखाली, बसस्टॉपच्या बाकावर बसेन. भाकरी मी आणते. चटणी आणायचीच असं नाही.

अर्ज मात्र या वेळी चष्मा लावून वाच.

जिच्या कागदावर तू न वाचता सही केलीस, ती तुझी,
पूर्वी