विकलेल्या जमिनीचे पाहुणे

ऑल्बनी, ऑक्टोबर १७०४

प्रिय फोल्कर्ट,

ओढ्याकाठचं शेत मी तुझ्या नावे करावं आणि कागद न्यूयॉर्कला पाठवावेत, म्हणजे लग्नाआधी ते तुझ्या सासऱ्यांना दाखवता येतील, असं तू लिहिलं आहेस. आजोबांच्या थडग्यावर 'कातड्यांचा व्यापारी' न लिहिता नुसतं 'जमीनदार' लिहावं, हेही लिहिलं आहेस. या दोन मागण्यांनी मला लिहायला बसवलं. एरवी मका सोलायचे दिवस आहेत आणि मला पत्रांना सवड नसते, हे तुला ठाऊक आहे.

दगडाचं आधी सांगते, ते थोडक्यात आटोपेल. दगड घडवून बसवला. त्यावर 'इसब्रांत, बीव्हरच्या कातड्यांचा व्यापारी आणि जमीनदार' असं कोरलं आहे आणि ते याच क्रमाने आहे, कारण आयुष्यही त्याच क्रमाने झालं. ते हॉलंडहून आले तेव्हा पिंपं बांधणाऱ्याच्या हाताखाली होते आणि बूटसुद्धा दुसऱ्याचे घालून आले होते. पहिल्या उन्हाळ्यात इथले मूळचे महिकन लोक जंगलातून बीव्हरची कातडी घेऊन उतरले, तेव्हा बाकीचे डच व्यापारी चकचकीत नव्या कातड्यांवर तुटून पडले. माझ्या बापाने काय उचललं? महिकनांनी दोन हिवाळे अंगावर पांघरलेली, घामाने आणि चरबीने काळी पडलेली जुनी कातड्यांची पांघरुणं. बाजार हसला. पण अंगावर घासून वरचे राठ केस झडलेले असतात आणि आत उरते ती नुसती मऊ लोकर, जिची टोपी होते, हे त्यांनी बोटांनी ओळखलं होतं. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. "नवं दिसतं ते चांगलं असं ज्याला वाटतं, त्याने एक वेळ बायको करावी, व्यापार करू नये," असं ते म्हणायचे आणि तुझी आजी लगेच म्हणायची, "मला मात्र दोन वर्षं पारखूनच आणलीत हं!" तुझ्या सासऱ्यांच्या डोक्यावर जी उंच टोपी आहे ना, ती कुणा महिकनाच्या पाठीवर दोन हिवाळे मळलेली आहे. जेवणाच्या मेजावर एकदा सांगून बघ त्यांना.

ते संत नव्हते. मनाई असताना ब्रँडी विकली, दंड भरला, पुढच्या वर्षी पुन्हा विकली. आजीने शेवटी पिंपच अंगणात ओतलं, तेव्हा थांबले. पण मापात खोट केली नाही आणि महिकनांची भाषा अशी शिकले की त्या भाषेत त्यांना शिव्याही देता यायच्या आणि खाताही यायच्या. मला त्यांनी मुलासारखं दुकानात उभं केलं. बाराव्या वर्षी मी कातडी उलटी करून, नखाने खरवडून किंमत सांगत होते. कुणी म्हणालं, "इसब्रांत, मुलगी बोलतेय की तू?" तर ते म्हणायचे, "मी बोललो तर तुला महाग पडेल, तिच्याशीच बोल." त्या दुकानावर तुझं शिक्षण झालं, फोल्कर्ट. तुझ्या इंग्रज वकिलाच्या कचेरीतली खुर्चीसुद्धा बीव्हरच्या पाठीवर उभी आहे.

आता शेत. ती जमीन त्यांनी महिकनांच्या रेबेकाच्या आईकडून आणि मामांकडून घेतली. तेव्हा रेबेका आपल्या पाद्रींकडून बाप्तिस्मा घेतलेली नव्हती, पाठीवरच्या झोळीत होती. व्यवहाराच्या दिवशी सगळे तीन दिवस जेवले. ठरलं ते असं, की घर, नांगर आणि गुरं इसब्रांतची. ओढ्याकाठचा एक तुकडा दर वसंतात विकणाऱ्यांनी पेरायचा. आणि ते येतील तेव्हा त्यांना जेवायला घालून सगळ्यांनी मिळून हद्द चालायची. पुष्कळ डचांनी असंच कबूल केलं आणि पहिला हिवाळा सरताच विसरले. तुझे आजोबा विसरले नाहीत. गुडघे गेल्यावरही काठी टेकत हद्द चालले. शेजारी टोमणा मारायचे, "इसब्रांत, एकच जमीन किती वेळा विकत घेणार?" त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, "जितक्या वेळा राखायची आहे तितक्या वेळा."

गेल्या वसंतात तू सुट्टीवर आलास आणि मी गावातल्या दुकानात अडकले होते, म्हणून शेतावर तू होतास. पुढचं मला तुझ्या बहिणीने सांगितलं आणि आन्ना तिखटमीठ लावत नाही. रेबेका आपली माणसं आणि बियाण्याच्या टोपल्या घेऊन कुंपणाशी आली. तू फाटक उघडलं नाहीस. "जमीन विकलीत ना? मोबदला घेतलात ना?" असं तू विचारलंस. ती म्हणाली, "विकली, म्हणून तर आलो. ज्याला विकली नाही त्याच्या दारात कशाला जाऊ?" आन्नाने तुला बाजूला घेतलं, "दादा, निदान जेवायला तरी बसव," म्हणाली. तू म्हणालास, "कायद्यात जेवण कुठे लिहिलंय?" रेबेकाने बियाण्याची एक टोपली फाटकाबाहेर ठेवली आणि ती गेली. भांडण झालं नाही म्हणून तुला वाटलं, प्रश्न मिटला.

सप्टेंबरात इंग्रज सरकारचा मोजणीदार आला. सगळ्या जुन्या जमिनींची हद्द नव्याने कायम करायची होती. मी कागद पुढे केला. त्यात लिहिलं आहे 'मोठ्या ओढ्यापासून अस्वलाच्या खडकापर्यंत'. तो म्हणाला, "बाई, इथे ओढे तीन आणि खडक शंभर आहेत. विकणाऱ्यांनी येऊन दाखवावं, तरच लिहीन. नाहीतर जमीन राणीची." चार दिवसांची मुदत दिली. माझ्या वडिलांचं सारं आयुष्य त्या चार दिवसांवर आलं होतं.

मी आणि आन्ना होडीने रेबेकाच्या वस्तीवर गेलो. मी दोन चांगल्या कांबळी नेल्या होत्या. तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "तुझा मुलगा म्हणाला, जमीन त्याची. मग हद्दही त्यालाच ठाऊक असेल. त्याला विचार की!" भोवतीच्या बायका हसल्या. तेव्हा आन्नाने होडीतून एक पोतं ओढत आणलं आणि त्यांच्यापुढे मोकळं केलं. मका होता, त्यांचा, लाल-काळ्या दाण्यांचा. तू न्यूयॉर्कला परतल्यावर या पोरीने फाटकाबाहेरची टोपली उचलून ओढ्याकाठचा तुकडा एकटीने पेरला होता. मातीचे उंचवटे करून, मक्याला घेवडा चढवून, त्यांच्याच पद्धतीने. मला वाटलं होतं, डुकरांसाठी काहीतरी लावतेय. रेबेकाने एक कणीस सोललं, दाणा चावून पाहिला आणि म्हणाली, "उंचवटे जवळजवळ घातलेस, पोरी. घेवडा गुदमरला." मग शाल घेतली आणि होडीत जाऊन बसली. आम्हालाच म्हणाली, "चला, उशीर होतोय."

मोजणीदार तिच्यामागे दिवसभर धापा टाकत फिरला. ती प्रत्येक ठिकाणी थांबून सांगत होती आणि मी इंग्रजीत सांगत होते. या ओक झाडापाशी इसब्रांतने पहिल्या वर्षी सगळ्यांना मटण खाऊ घातलं. इथे तो ओढ्यात पडला, पोट सुटलेलं, चौघांनी ओढून काढला. हा अस्वलाचा खडक, कारण इथे अस्वल बसलं होतं आणि इसब्रांत झाडावर. मोजणीदार लिहिताना हसत होता. संध्याकाळी त्याने नकाशावर शिक्का मारला आणि म्हणाला, "या नदीवर इतकी साक्ष असलेली हद्द मी पाहिली नाही." त्या वेळी मी जशी ताठ उभी होते, तशी तुझ्या जन्माच्या दिवशीही नव्हते.

आता कागद का पाठवत नाही, ते. शेत मी आन्नाच्या नावे केलं आहे. तुझा हिस्सा बुडवलेला नाही. गावातलं घर, दुकान आणि मालाची खोली तुझी. आपल्या डच लोकांत मुलगा-मुलगी समान वाटा घेतात. इंग्रजी कायद्याने सगळं थोरल्या मुलाचं, हे तू मला समजावशील हे माहीत होतं, म्हणून मरेपर्यंत थांबले नाही, हयातीतच देऊन टाकलं. रागाने केलं असं समजू नकोस. तुला कायदा येतो आणि त्यात तू पुढे जाशील. मी त्याचाही अभिमान धरीन. पण ती जमीन राखता येणं ही वेगळी विद्या आहे, ती माझ्या वडिलांना येत होती आणि तुझ्या बहिणीला येते. लग्नाला मी येईन. सासऱ्यांनी विचारलं तर माझा बाप कोण होता ते मी स्वतः सांगेन, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

रागावलास तरी तुझीच,
आई
हिलेखोंद

सोबत कालच्या नोंदीची नक्कल:

लोहार डिर्क आणि पाद्रींची पत्नी यांच्या साक्षीने आन्नाच्या हाती दिलं ते असं. शेतघराच्या किल्ल्या. मोठ्या ओढ्यापासून अस्वलाच्या खडकापर्यंतची जमीन, शिक्क्याच्या नकाशासह. घोडे, नांगर, गोठा आणि त्यातली गुरं. ओढ्याकाठचा तुकडा, जो रेबेकाच्या माणसांनी दर वसंतात पेरायचा. ते येतील त्या दिवशी त्यांना आधी वाढण्याचं आणि त्यांच्याबरोबर हद्द चालण्याचं काम. मिळालं म्हणून आन्नाने सही केली. तिच्या सहीखाली रेबेकाने सही म्हणून आपल्या कुळाची खूण, कासव, काढलं.